शपथेच्या विहिरीत उतरलेला दोर

आश्रुबा माझा पाठचा भाऊ. सख्खा. आमच्या दोघांत तिसरं कोन न्हाई. हे आदीच सांगून ठेवतो, कारन युसूफ वडगावच्या बाजारात अजून लोकं मला इच्यारतात, "गहिनीनाथ, त्यो येरुशलेमला जाऊन आलेला मानूस तुमचा कोन रं?" कोन म्हंजे? माझा भाऊ! साऱ्या बीड जिल्ह्यात यार्देन नदीत घोडं धुतलेला दुसरा मानूस दाखवा मला. जहागीरदार बी न्हाई गेले तिथं. माझं शिक्षान मिशनच्या शाळंत तिसरीपतूर, म्हून लिहिन्यात चुकंल, पर सांगन्यात चुकायचा न्हाई.

आमी मांग, दोर वळनारी मानसं. माझ्या लहानपनी छप्पनचा मोठा दुष्काळ पडला तवा बापानं बाप्तिस्मा घेतला, पर दोर सोडला न्हाई. गावातल्या मोटंचा यकूनयक नाडा आमच्या वस्तीतला. नाडा विहिरीत उतरायचा, वळनाऱ्यानं काठावर पाय ठिवायचा न्हाई. असं व्हतं. आमची वस्ती वढ्याच्या पल्याड, खडकावर. बायानी वढ्याच्या वाळूत झिरा करायचा आन् वाटीवाटीनं हंडा भरायचा. उन्हाळ्यात झिरा आटला की गावच्या विहिरीखाली रिकामी भांडी मांडून बसायचं, कुना गड्याला दया आली तर त्यो वरून वतील.

मी सोता दोर बरा वळतो, पर आश्रुबाची गोष्ट येगळी. केकताडाचा वाक, म्हंजे घायपाताचा धागा, त्याच्या मांडीवर आला की गपगार व्हायचा. पीळ असा की दोर उन्हात टाका, पान्यात टाका, उलगडायचा न्हाई.

जर्मनची लढाई लागली तवा निजाम सरकारचा घोड्यांचा रिसाला समुद्रापल्याड निगाला. आमच्या गावचे मालक मोहनराव. त्यांचा पुतन्या भगवानराव त्या रिसाल्यात, तबेल्यावर जमादार. त्याला घोड्यांची चाकरी करनारे मोतद्दार पायजे व्हते, आन् घोडं बांधायचे दोर, अगाडी-पिछाडी, तिथल्या तिथं वळून देनारा यक मानूस पायजे व्हता. मोमिनाबादच्या, म्हंजे अंबाजोगाईच्या, छावणीत त्यानं आश्रुबाचा दोर पायाखाली दाबून वडला, पुन्यांदा वडला आन् म्हनला, "चल बे." झालं. केशरबाई, आश्रुबाची बायकू, घरात येऊन वरीस बी झालं नव्हतं. ती दारात उभी ऱ्हायली आन् ह्यो निगाला.

सा वर्सानी आला. केसं पांढरी झालती. मी वस्तीभर हलगी वाजवली. बाजाराला त्याला संगं न्यायचो आन् मानसं गोळा करायचो. "इच्यारा, काय इच्यारायचं ते इच्यारा! गालील इच्यारा, काना इच्यारा. पान्याचा द्राक्षारस झाला ते गाव ह्यानं बगितलंय." आश्रुबा माझ्या मागं खाली मान घालून हसायचा. "दादा, बास की." मी म्हनायचो, "कावून बास? तू सांगायचं न्हाई, मी सांगायचं न्हाई, मंग सांगायचं कुनी?"

आमच्या वस्तीवर बद्रीनाथ मास्तर व्हते. मिशननं नेमलेले. नगरकडचा मानूस, यकटा, अंगानं काडी. त्या मान्साला यकच येड, पवित्र शास्त्रातल्या गावांची नावं. यितवारी प्रार्थना झाली की खोपटाम्होरच्या अंगनात ते राखंनं मुलूख काढायचे. ही यार्देन, हा क्षार समुद्र, हे येरुशलेम. पोरान्ला त्यावर उभं करायचे. "तू कुठं हायेस?" "कफर्णहूमात, मास्तर." "कफर्णहूम म्हंजे?" "नहूमाचं गाव." "आन् नहूम म्हंजे?" "दिलासा." पान्याला निगालेल्या बाया हंडं सावरत त्या राखंला वळसा घालून जायच्या. येरुशलेमावर पाय पडू नये म्हून.

आश्रुबा आला तसं मास्तराला ऱ्हावलं न्हाई. पयल्याच यितवारी त्यानी त्याला राखंपशी बशिवलं.

"आश्रुबा, तू बेथलेहेमात गेलतास?"

"गेलतो मास्तर. तळ व्हता आमचा तिथं."

"बेथ म्हंजे घर. लेहेम म्हंजे भाकर." मास्तराचा आवाज बारीक झाला. "भाकरीचं घर. मी वीस वर्सं शिकवतोय ते. तिथं... तसंच हाय का रं?"

आश्रुबा राखंकडं बगत बसला. त्यानं बगितलं ते येगळंच व्हतं. त्या मुलखात तवा खायाला कायबी उरलं नव्हतं. तुर्कानं धान्य नेलं, मंग टोळ आले, मंग लढाई. घोड्यांचा तळ उठला की बेथलेहेमाच्या बाया टोपल्या घिऊन पळत यायच्या आन् घोड्यांची लीद फोडून त्यातला न पचलेला जव येचायच्या. वढ्यावर निऊन धुवायच्या. यका बाईच्या कडंवर पोर व्हतं, आन् ते पोर धुवायची वाट बगंना. आश्रुबानं आपल्या वाटनीच्या रोट्या तिच्या टोपलीत टाकल्या तर दुसऱ्या बाया तिच्यावर तुटून पडल्या. त्यानंतर त्यानं कुनाला कायबी दिलं न्हाई.

मास्तर वाट बगत व्हते.

"हाय मास्तर," आश्रुबा म्हनला. "भट्ट्या हायेत. सकाळी सकाळी लांबपतूर वास येतो."

मास्तरानं डोळे मिटले. खरंच वास आल्यागत त्यांचं तोंड झालं.

घरी येताना मी इच्यारलं, कारन लिदीचं मला त्यानं आदल्या दिशीच सांगितलं व्हतं. "कावून खोटं बोललास बे?"

"दादा, आपल्याला दोर हाय, वस्ती हाय, मानसं हायेत. त्या मान्साला तेवढी गावंच हायेत."

असा माझा भाऊ. आता सांगा, असं बोलनारा किती लोकांच्या घरात हाय?

यार्देनेचं बी त्यानं मास्तराला चांगलंच सांगितलं. उन्हाळ्यात तिथं घोडी उभ्या उभ्या पडायची आन् नदी म्हंजे आपल्या मांजरा नदीवानीच, गढूळ, हे काय सांगितलं न्हाई. बेथेस्दा म्हंजे दयेचं घर, रोग्यान्ला बरं करनाऱ्या पान्याचं तळं. तिथं त्याला केरकचरा आन् मेलेली मांजर दिसली. मास्तराला म्हनला, "पायऱ्या हायेत. लई जुन्या."

पर यका जाग्याचं मातर त्यानं मनापासून सांगितलं. बैर-शेबा. मास्तर म्हनले, "शपथेची विहीर. अब्राहामानं खांदली, पान्यावरनं भांडान झालं, मंग सात मेंढ्या साक्षीला दिऊन शपथ घातली की ही विहीर माझी." आश्रुबा म्हनला, "मास्तर, तिथले लोकं त्याच्याच नावाची विहीर दाखवतात. तिच्या काठाचा दगड असा खाचलाय दोरानं. बोट घातलं तर बुडतं. किती पिढ्यांचा दोर गेला आसंल!" रातच्याला काठावर कुनी नसताना त्यानं यकयका खाचंत बोट घालून बगितलं व्हतं. आमच्या गावच्या विहिरीला बी तशा खाचा हायेत म्हनं, आमच्याच दोराच्या. त्या मी लांबनं बगितल्यात.

फौज तिथं आली तवा घोडी तहानलेली आन् पानी खोल. जेवढे दोर व्हते तेवढे जोडले तरी बादली पान्याला लागंना. मंग आश्रुबा बसला. गोनपाटाच्या सुतळ्या, तंबूच्या तुटक्या दोऱ्या, घोड्याच्या शेपटाचे केस, जे घावलं ते घिऊन त्यानं पीळ घातला. त्यो दोर पान्याला लागला. अब्राहामाच्या विहिरीला आमच्या वस्तीतल्या हाताचा दोर! मी हे केजला सांगितलं, अंबाजोगाईला सांगितलं, मांजरसुंब्याला गाडी सोडून बसलेल्या गाडीवानान्ला सांगितलं. इथपतूर आश्रुबानं मला सांगितलं. म्होरं तिथं काय झालं ते त्यानं सांगितलं न्हाई आन् मी बी इच्यारलं न्हाई.

आश्रुबा परत आला त्याच वर्षी वस्तीच्या विहिरीचं निगालं.

मिशनचे साहेब म्हनले, आश्रुबाचं ऐकायला वस्तीवर सभा घिऊ, आन् विहीर खांदायचा खर्च मिशन दील. पर खांदायची कुठं? वस्तीखाली नुसता खडक. पानाड्यानं हातात नारळ धरून सगळं रान फिरून बगितलं आन् वस्तीच्या कडंला, मोहनराव मालकाच्या रानाच्या कोपऱ्यात नारळ उभा ऱ्हायला. मास्तरानं तिथं चुन्यानं गोल आखला. मालकाकडं गेलो तर मालक न्हाई म्हनले न्हाईत. बांधाकडंचा तुकडा, त्यांचं काय जातंय? फकस्त यवढंच म्हनले, "साहेब सभेला येनार ना? त्यांची वरपतूर वळख हाय. आमच्या भगवानची बढती अडून बसलीय. साहेबासमोर त्याचं नाव निगू द्या. आश्रुबा, तुला त्यानंच नेलं, त्यानंच संभाळलं. खरं का न्हाई?"

"व्हय मालक," आश्रुबा म्हनला.

"मंग तेवढं बोल. चुना टाकलाय तिथं दुसऱ्या दिशी कुदळ मारा."

केशरबाईला हे सांगितलं तवा ती भाकरी थापत व्हती. थापायची थांबली. ती आमची भावजय लई कमी बोलती. म्हनली, "मला यकदा सोताच्या हातानं बादली सोडायचीय. बुडताना आवाज कसा येतो ते ऐकायचंय." आन् पुन्यांदा थापायला लागली. आश्रुबा तिच्याकडं बगतच ऱ्हायला. ही बाई त्याच्यामागं सा वर्सं त्या झिऱ्यावर वाटीनं पानी भरत व्हती. अब्राहामाची विहीर बगून आलेल्या मान्साची बायकू.

रब्बीच्या पेरन्या तोंडावर व्हत्या तवा सभा झाली. चिंचंखाली दोन खुर्च्या, यकीवर साहेब, यकीवर मोहनराव. मालकाला मानाचं पागुटं मीच इकत आनलं, बांधलं त्यांच्या गड्यानं. समदी वस्ती खाली बसलेली, बाया यका अंगाला. गावातली बी मानसं आलती, लांब बांधावर उभी. मास्तरानं सभेआदी आश्रुबाचा हात धरला आन् म्हनले, "चमत्काराचंच सांग बाबा. लोकान्ला तेच घिऊन घरी जाऊ दे."

आन् आश्रुबानं सांगितलं! काय सांगितलं म्हनून सांगू! काना सांगितलं, नाईन सांगितलं, जिथं विधवेचं पोर तिरडीवर उठून बसलं. बेथलेहेमाच्या भट्ट्या सांगितल्या. यार्देन सांगितली. साहेबानी चष्मा काढून डोळे पुसले. बांधावरची गावकरी मानसं सुद्दा म्होरं सरकली. मास्तर यकयक नाव ओठातल्या ओठात म्हनत व्हते. मी उभा राहून म्हनलं, "साहेब, विहिरीचं ऐका! अब्राहामाच्या विहिरीत ह्याचा दोर गेला!"

"खरंच?" साहेब म्हनले. साहेबाची मराठी पुस्तकातली. "मग तू त्या विहिरीचं पाणी प्यालास?"

आश्रुबा म्हनला, "प्यालो साहेब."

तेवढ्यात मोहनराव खुर्चीतनं म्होरं वाकले. त्यान्ला वाटलं, हीच येळ. "सांग की बे मोकळ्यानं. आमच्या भगवाननं तुला सोताच्या हातानं पानी पाजलं का न्हाई? साहेब, आमचा पुतन्या हलक्या मान्साला बी पोटच्या पोरागत संभाळतो. सांग, सांग साहेबान्ला."

आश्रुबानं बायांकडं बगितलं. केशरबाई पदर दातात धरून बसलेली. मास्तराकडं बगितलं. मास्तर मान हलवत व्हते, व्हय म्हन, व्हय म्हन. यक शबूद व्हता. त्याला सगळं ठावं व्हतं, त्या यका शबदावर काय हाय ते. माझा भाऊ येडा नव्हता.

"पाजलं मालक," त्यो म्हनला. "वरून पाजलं."

मोहनराव खुर्चीत मागं सरले.

"दोर माझा व्हता," आश्रुबा सांगत ऱ्हायला, हळूच, बाजारात बोलतो तसाच. "पर काठावर कुनी जायाचं ते जमादारसाहेबानी लावून दिलं व्हतं. मी न्हाई जायाचं. आपल्याच मुलखातले मोतद्दार व्हते, ते म्हनले, ह्यानं बादलीला हात लावला तर आमी पानी पिनार न्हाई. आदी घोडी प्याली. मंग सवार. मंग मोतद्दार. मी खाली मातीत वंजळ धरून बसलो आन् जमादारसाहेबानी वरून वतलं. निम्मं कोपरावरनं गेलं. तिथला यक म्हातारा शेरडं घिऊन उभा व्हता. त्याच्या मुलखात कुनी असं पानी पीत न्हाई. त्याला वाटलं, मला म्हारोग झालाय. त्यानं लांबनंच दोनी हात वर केले, माझ्यासाठी दुवा मागितली आन् शेरडं हाकलून निगून गेला."

बांधावरनं कुनीतरी खाकरलं. साहेब हातातल्या पुस्तकाकडं बगत ऱ्हायले. मोहनराव उठले, धोतर झटकलं, पागुटं काढून खुर्चीवर ठिवलं. वरडले न्हाईत. आश्रुबापशी आल्यावर म्हनले, "लई शिकून आलास की बे," आन् गेले. त्यांच्या मागं बांध रिकामा झाला.

"आपण प्रार्थना करू या," साहेब म्हनले. केली.

सभा उठल्यावर मी साहेबाला गाठलं. म्हनलं, "साहेब, तुमी मालकाला दोन शबूद बोला." साहेबानी आश्रुबाच्या खांद्यावर हात ठिवला. "आश्रुबा, तू खोटं बोलला नाहीस. पण जमीन त्यांची आहे. इसहाकाचं आठव. लोक पाण्यावरून भांडले, त्यानं ती विहीर सोडली. दुसरी खणली, तीही सोडली. तिसऱ्या विहिरीवर कोणी भांडलं नाही. तिचं नाव त्यानं रहोबोथ ठेवलं, म्हणजे ऐसपैस जागा. देव तुम्हालाही जागा देईल."

मी म्हनलं, "साहेब, इसहाकाला सोडायला मुलूख व्हता. आमच्याकडं खडक हाय."

साहेबानी आश्रुबाच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मला अजून वाटतं, त्या दिशी त्या चिंचंखाली साहेबाला निरुत्तर करनारा यकच मानूस व्हता, आन् त्यो मी.

मास्तर अंगनात बसले व्हते. सभेला आलेल्या मानसांच्या पायानी राखंचा मुलूख सगळा पुसून गेलता. आश्रुबा त्यांच्याजवळ जाऊन बसला. मास्तर खाली मान घालूनच म्हनले, "आश्रुबा, बेथलेहेमचं सांगितलंस... ते तरी खरं हाय ना?"

"खरं हाय मास्तर."

"भट्ट्या?"

"व्हय. वास येतो."

दुसऱ्या दिशी उजाडायला साहेबाची बैलाची दमनी निगून गेली. आन् मोहनराव मालकाचा गडी बैलं आन् पेरायची पाभर घिऊन रानात आला. बाकी सगळं रान सोडून त्यानं त्यो कोपरा आदी धरला. आश्रुबा बांधावर जाऊन उभा ऱ्हायला, मी त्याच्या शेजारी. गड्यानं आमाला बगितलं आन् बैलं थांबवली. "मला काय बोलू नका," त्यो म्हनला. "मालकानं सांगितलंय, जवारी पेर. इथनंच सुरू कर म्हनले."

"पेर की," आश्रुबा म्हनला.

पाभर चुन्यावरनं गेली. वळली, पुन्यांदा गेली. गोल मोडला, पांढरी ढेकळं मातीत मिसळली.

वस्तीतल्या बाया हंडं घिऊन वढ्याकडं निगाल्या व्हत्या. म्होरं बायनाबाई, आमच्या चुलत्याची सून, तोंडानं फाटकी. ती आश्रुबासमोर थांबली. "यक शबूद गिळला असता तर मेला असतास का रं? तिकडं वंजळीनं पानी गिळलंसच ना? आता आमच्या पोरी बी वाटीनंच भरत्याल."

मी तिच्यावर धावून गेलो. माझ्या भावाला बोलती! आश्रुबानं माझा हात धरला. त्यो मागं बगत व्हता, केशरबाई येत व्हती तिकडं. ती जवळ आली. पेरलेल्या तासांकडं तिनं यकदा बगितलं, जिथं चुना व्हता तिथं. मंग डोक्यावरची चुंबळ नीट केली, त्याच्या अंगावरनं पुढं गेली आन् बायांच्या मागं वढ्यात उतरली.